पाचवी झोप

शेडच्या पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायचे दिवस आले, तरी थोरलीच्या अंगावरची शाल उतरली नव्हती. सकाळी ती विळा घेऊन तुतीच्या रानात उभी राहायची. एक फांदी कापायची, थांबायची. दुसरी कापायची, थांबायची. धाकटी शेजारची सरी संपवून परत यायची तेव्हा थोरली जिथल्या तिथं असायची, हातात फांदी, नजर पानांवर, जणू पानावर कुणी काही लिहिलंय आणि ती अक्षर लावून वाचतेय.

"ताई, ऊन चढतंय. पाला कोमेजेल."

"आलेच."

ते 'आलेच'सुद्धा हल्ली घोगरं यायचं, आणि बोलणाऱ्याच्या मागं मागं रेंगाळत यायचं.

घर रेशमाच्या किड्यांवर चालायचं. घरामागं तुतीचं रान, रानाच्या कडेला लांब शेड, शेडमध्ये चार-चार मजल्यांचे रॅक आणि त्यांवर अळ्या. मुंगीएवढ्या यायच्या, महिन्याच्या आत बोटाएवढ्या व्हायच्या, मग स्वतःभोवती कोष विणून गप्प व्हायच्या. एक बॅच निघाली की शेड धुवायची, चुना मारायचा, दुसरी आणायची. थोरलीच्या नवऱ्याला घरात आणि बाहेर सगळे मोठा म्हणायचे. तो पाला वाहायचा, कोष बाजारात न्यायचा. धाकटीचा नवरा ट्रकवर होता, महिन्यातून दोन दिवस दिसायचा. किडे मात्र बायकांचे. त्यातही वीस वर्षं थोरलीचे. कुठल्या रॅकवरची अळी आज कात टाकायला बसणार, कुठली उद्या, हे ती दारात उभं राहून सांगायची. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटायचं, ही बाई किड्यांशी बोलते की काय.

आता तीच बाई त्या शेडमध्ये बसल्या बसल्या पेंगायची.

थोरलीला स्वतःला ते पेंगणं वाटायचं नाही. तिला वाटायचं, जग थोडं लांब गेलंय. हजारो अळ्या पाला कुरतडायच्या त्याचा एक सळसळता आवाज शेडभर असायचा, आणि तो आवाज तिच्या कानांवर दुलईसारखा यायचा. कुणी हाक मारली तर ती हाक त्या दुलईबाहेर कुठंतरी पडायची. ती ऐकायची, उठायचं ठरवायची, आणि ठरवता ठरवताच ऊन भिंतीवरून दोन वीत पुढं सरकलेलं असायचं. वाईट वाटायचं नाही. चांगलंही वाटायचं नाही. फक्त हातापायांना थंडी वाजायची आणि बोटांत मुंग्या यायच्या.

गेल्या वर्षी बोटं इतकी सुजली की अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. तो म्हणाला, "वहिनी, खाणं कमी करा." ती तर दिवसाला एकदाच जेवत होती. घोरणं वाढलं म्हणून मोठ्यानं आपली खाट ओट्यावर नेली. केस फणीबरोबर यायचे, ते ती गोळा करून चुलीत टाकायची, सासूनं बघू नये म्हणून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, "रक्त कमी आहे," म्हणाला आणि लाल गोळ्या दिल्या. पुन्हा गेली तर "हाडं कमजोर आहेत" म्हणून खडूएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. ती दोन्ही घेत होती. फरक एवढाच पडला की पोट आणखी साफ होईना.

मोठा आधी चिडायचा. मग त्यानं थट्टा सुरू केली. रेशमाची अळी कोष विणायच्या आधी चार वेळा झोपते. दरवेळी दिवस-दीड दिवस मान वर करून निश्चल पडते, कात टाकते आणि भुकेजून उठते. कोष घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला मोठा म्हणाला, "किडे चारदाच झोपतात हो. आमच्या घरात पाचवी झोप आहे, तिला जाग येत नाही." व्यापारी हसला. चहा घेऊन आलेली थोरलीही हसली. विनोद तिच्या लक्षात यायच्या आतच ते दोघं दुसऱ्या विषयावर गेले होते.

मग त्या उन्हाळ्यातली बॅच आली.

अळ्या चौथी झोप झोपून उठल्या होत्या. आता सात-आठ दिवस त्या वेड्यासारख्या खाणार आणि मग विणायला लागणार. या दिवसांत घरात कुणी पाठ टेकत नाही. पाला दिवसातून चारदा. एक वेळ चुकली तरी कोष हलका होतो. त्या दुपारी मोठा पाण्याच्या मोटारीचा पट्टा आणायला बाहेरगावी गेला होता. सासू घरात होती. धाकटी रानात पाला कापत होती. शेडमध्ये थोरली.

खिडक्या उघड्या होत्या, जाळीतून वारा येत होता. दुसऱ्या कुणाला त्या वाऱ्याची झळ लागली असती. थोरलीला शिरशिरी आली. तिनं रॅकवर हात ठेवला, हात गार होता. तिला वाटलं, रॅकच गार आहे. किडे गारठलेत. वीस वर्षांची सवय तिच्या आत कुठंतरी जागी झाली: किडा गारठला तर खात नाही. तिनं एकेक करून खिडक्यांचे पडदे सोडले, झडपा लावल्या. थंडीत वापरायची शेगडी कोपऱ्यातून ओढून आणली, कोळसे पेटवले, वर लोखंडी झाकण ठेवलं. दार लोटलं. मग शाल गुंडाळून रॅकच्या पायाशी बसली. आता बरं वाटतंय, असं तिच्या मनात आलं. पाल्याची सळसळ ऐकत ती पांढऱ्या, मऊ कुठल्यातरी वाटेनं चालत राहिली. वाट संपत नव्हती आणि संपावी असं तिलाही वाटत नव्हतं.

धाकटी पाल्याचा भारा घेऊन आली तेव्हा दार बंद. तिनं खांद्यानं ते ढकललं आणि तोंडावर अशी वाफ आली की ती दोन पावलं मागं सरली. भारा टाकून ती आत धावली. पाच-सहा श्वासांत तिच्या मानेवरून, पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, डोळ्यांत मीठ उतरलं. तिनं पडदे ओरबाडले, झडपा उघडल्या, शेगडी फरफटत बाहेर नेली. आणि वळून बघते तर थोरली शालीत तशीच बसलेली. कोरडी. कपाळ कागदासारखं कोरडं.

"ताई! अहो ताई!"

थोरलीनं डोळे उघडले. "आलेच," ती म्हणाली.

संध्याकाळी अळ्यांनी पाला तोंडात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडल्या, तिसऱ्या दिवशी काळ्या. वास रस्त्यापर्यंत गेला. मोठ्यानं रानाच्या टोकाला खड्डा खणला. टोपल्या भरभरून तो आणि धाकटी नेत राहिले, वर चुना टाकत राहिले. खड्डा बुजल्यावर त्यानं फावडं टाकलं. हातपाय धुतले, ओट्यावर बसला, आणि मग सासूच्या देखत, धाकटीच्या देखत, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांच्या देखत म्हणाला, "उद्यापासून शेड धाकटी बघेल. तू घरात बस. भाजी निवड. तेवढं तरी जमतं का बघ."

थोरली म्हणाली, "बरं."

ओरडली असती, रडली असती, दार आपटलं असतं तर धाकटीला बरं वाटलं असतं. त्या 'बरं'मध्ये काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शेड आपल्या हातात यावी असं धाकटीला गेली चार वर्षं वाटत होतं. थोरलीच्या चुका तिनंच वेळोवेळी सासूच्या कानावर घातल्या होत्या. कधी पाला उशिरा, कधी चुना कमी. आता शेड मिळाली होती आणि ती रिकामी शेड धुताना तिला सारखा तोच क्षण दिसत होता: आपण घामानं निथळतोय आणि समोर ते कोरडं कपाळ.

"आई," ती सासूला म्हणाली, "त्या दिवशी ताईंना घाम नव्हता."

"आळशी माणसाला कुठला घाम येणार!"

धाकटी हसली. हसता हसता थांबली. "तसं नाही आई. मी आत मिनिटभर होते, माझा जीव कासावीस झाला. त्या दोन तास होत्या. शाल घेऊन."

सासूनं हातातलं सूप खाली ठेवलं.

चार दिवसांनी दोघी जावा सकाळच्या बसनं मोठ्या दवाखान्यात गेल्या. मोठ्याला सांगितलं, सुया आणि दोरा आणायचाय. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेले बाक, फिनेलचा वास. थोरली बाकावर बसल्या बसल्या झोपली. नंबर आला तेव्हा धाकटीनं तिला दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "काय होतंय, मावशी?"

थोरली विचार करू लागली. धाकटीनं तोंड उघडलं, तसं डॉक्टरबाईंनी एक बोट वर केलं. "त्यांना सांगू दे."

बाहेर तीस माणसं खोळंबली होती, तरी त्या थांबल्या. पंखा फिरत राहिला. कितीतरी महिन्यांत थोरलीच्या उत्तरासाठी कुणी एवढं थांबलं नव्हतं.

"थंडी वाजते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "सगळं लांब लांब वाटतं."

"कधीपासून?"

"आई गेली... त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापण झोप येत होती."

त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं. पाळी, पोट, वजन, आवाज, ऐकू कसं येतं, पायऱ्या चढताना छातीत काय होतं. थोरली सावकाश सांगत गेली. शेवटी डॉक्टरबाई धाकटीकडं वळल्या, "आता तू बोल." धाकटीनं बंद शेडची गोष्ट सांगितली. सांगताना तिला वाटलं, आपण चहाडी करतोय. पण डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिल्या.

मग त्यांनी तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि थोरलीला तपासलं. खरखरीत कोपर, टोकाकडं विरळ झालेल्या भुवया, फुगलेल्या पापण्या. पाण्याचा घोट घ्यायला लावून गळ्यावर बोटं ठेवली. नाडी मोजताना घड्याळाकडं पाहत राहिल्या. नंतर तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं लोंबती ठेवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर यायला त्यानं वेळ घेतला, माहेराहून निघालेल्या लेकीसारखं. डॉक्टरबाईंनी धाकटीला जवळ बोलावून पुन्हा मारून दाखवलं. "बघितलंस? आळशी माणसाचं पाऊल असं करत नाही. पावलाला नाटक जमत नाही."

त्या समजावत होत्या, थोरली त्यांच्या तोंडाकडं बघत होती. गळ्यात पुढं एक ग्रंथी असते. शरीराची आच ती ठेवते. मावशींची आच बहुतेक फार मंद झालीय. त्यामुळं थंडी, झोप, सूज, हळू चालणारं हृदय, सगळं त्या एकाच ठिकाणाहून. हा थायरॉइडचा आजार पुष्कळांना होतो आणि पुष्कळांचा ओळखू येत नाही, कारण माणसं त्याला दुसरीच नावं देतात. पण आधी रक्त तपासू. आणि गोळी देण्याआधी हृदयाचा आलेख काढू. झोपलेल्याला एकदम दणका देऊन उठवायचं नसतं.

परतीच्या बसमध्ये थोरली खिडकीशी बसली. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

धाकटीनं बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "नाही, ताई," ती म्हणाली.

आठवड्यानं रिपोर्ट आला. आलेख ठीक होता. रक्तातला आकडा जिथं पाचाच्या आत हवा तिथं शंभराच्या वर होता. डॉक्टरबाईंनी तिळाहून थोडी मोठी पांढरी गोळी लिहून दिली. लहान डोसानं सुरुवात. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. "जन्मभर घ्यायची," त्या म्हणाल्या. "पण जन्म परत मिळेल."

घरी सांगायलाच लागलं. मोठा म्हणाला, "झोपेवर गोळी? झोप येण्याची गोळी ऐकली होती." पण अडवलं नाही. रिपोर्टचा कागद त्यानं उजेडात नेला आणि तो शंभराचा आकडा बराच वेळ बघत बसला.

सहा आठवडे गेले. दीड बॅच. धाकटीनं पहिली बॅच कशीबशी पार पाडली. कोष बारीक आले, पण आले. तुतीला नवी पालवी फुटली. थोरली ओट्यावर बसून भाजी निवडायची आणि निवडलेली कुठली, न निवडलेली कुठली, यात गोंधळायची. शाल होती. दुलई होती. धुक्यात माणसं यायची, ओठ हलवायची, जायची.

"गोळीनं काय झालं?" मोठा धाकटीला विचारायचा. आधी टोचून विचारायचा, नंतर नुसतंच विचारायला लागला. ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या तपासणीत आकडा जेमतेम उतरला होता. डॉक्टरबाईंनी भुवया चढवल्या. डोस वाढवायला पेन उचललं आणि परत ठेवलं. "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता? इथं करून दाखवा. सांगू नका, दाखवा."

थोरली उठून उभी राहिली. चूळ भरल्यासारखं केलं. मग डावा तळहात पुढं केला. "आई देतात," ती म्हणाली, आणि उजव्या हातानं त्यावर एकेक अदृश्य गोळी ठेवली. "ही बारकी. ही लाल. ही खडूची." मूठ तोंडाशी नेली. मग दोन्ही हातांत कप धरून सावकाश घोट घेतला.

"कपात काय?"

"चहा. दुधाचा."

डॉक्टरबाई हसल्या, पण थोरलीला नाही. स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसल्या. "गेले दीड महिने ती बिचारी गोळी पोचलीच नाही! लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिला पोटातच अडवतात, वर दूध आणि चहा. चूक तुमची नाही. माझी. मी बोलले आणि तुम्ही मान हलवलीत. ज्याच्या डोक्यात धुकं आहे त्याच्या मान हलवण्यावर मी जायलाच नको होतं."

त्यांनी कागदावर चित्रं काढली. वर उगवता सूर्य, पाण्याचा पेला, बारकी गोळी. मग एक मोठी रेघ. रेघेखाली चहाचा कप. दुपारच्या ताटाशेजारी लाल गोळी, संध्याकाळच्या ताटाशेजारी खडूची. "हा कागद गोळ्या देणाऱ्याच्या हातात द्या."

सासूनं कागद हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे मीच?" ती म्हणाली. "मला वाटलं, एकदाच घेतलं म्हणजे पोरीची कटकट मिटली."

दुसऱ्या दिवसापासून घरात पहारा बसला. सासू कोंबडा आरवायच्या आधी उठून थोरलीच्या उशाशी पेला घेऊन उभी. गोळी गिळली की जीभ दाखवायची. मग तासभर चहाचं आधण नाही, घरात कुणालाच नाही. मोठा ओट्यावरून विचारायचा, "चहा झाला का?" आतून आवाज यायचा, "घड्याळ बघ आणि गप्प बस!" चहाच्या डब्याला सासूनं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. शेजारीण म्हणाली, "सून चहा चोरते की काय?" सासू म्हणाली, "सून नाही, चहाच चोर आहे."

पंधरा दिवस काही नाही. विसाव्या दिवशी पोट साफ झालं, आणि सासूनं ती बातमी अशा थाटात सांगितली की जणू नातू झाला. मग हळूहळू तोंडावरची सूज ओसरली. पापण्यांखालून डोळे वर आले.

एका दुपारी कुणी न सांगता थोरली विळा घेऊन रानात गेली. धाकटी दोन सऱ्या पुढं होती. थोरली कापत गेली, वाकून, एका लयीत. अचानक विळ्याच्या पात्यावर टप्पकन पाणी पडलं. तिनं आभाळाकडं पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत. दुसरा थेंब पडला. तिनं नाकाला हात लावला, मग कपाळाला, मग मानेला. हात ओला झाला. तिनं बोट जिभेला लावलं. खारट.

"अगं ए! इकडं ये! लवकर!"

साप निघाला या भीतीनं धाकटी धावत आली. थोरली ओला तळहात पुढं करून उभी होती. "घाम," ती म्हणाली. "बघ तरी."

धाकटीनं बघितलं. मग ती तिथं सरीतच बसली आणि विळा बाजूला टाकून म्हणाली, "ताई, शेड मला हवी होती. आईंना मीच सांगायचे तुमच्याबद्दल."

"ठाऊक होतं मला."

"मग काही बोलला का नाहीत?"

"राग आणायलासुद्धा बळ लागतं गं." थोरली तिच्या शेजारी टेकली. "आता येईल हळूहळू. सांभाळून राहा."

दोघी हसल्या. पाल्याला उशीर झाला.

राग खरंच आला. व्यापारी पुन्हा आला तेव्हा मोठा जुन्या सवयीनं म्हणाला, "आमची पाचवी झोप..." थोरली चहाचे कप घेऊन दारात होती. यावेळी वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्यापर्यंत पोचलं. तिनं कप दोघांपुढं ठेवले. "मी आजारी होते," ती म्हणाली, आवाज अजून थोडा घोगरा होता पण सरळ येत होता. "शंभरावर आकडा होता. तुम्ही कागद उजेडात नेऊन बघितला होतात. परत थट्टा केलीत तर तुमचा चहा तुम्ही करायचा." व्यापारी कपात बघत राहिला. संध्याकाळी मोठ्यानं ओट्यावरची खाट उचलून आत आणली. दारातून ती आडवी जाईना. थोरलीनं दुसऱ्या बाजूनं धरली.

आता जग जवळ आलं होतं आणि ते नेहमीच सुखाचं नव्हतं. पत्रा वाजायचा, शेजारची पोरं केकाटायची, सासूचं घोरणं भिंतीतून यायचं. शेडमध्ये ती दारात उभी राहून धाकटीला विचारायची, "येऊ का?" धाकटी चिडायची, "विचारता काय?" तरी ती विचारायची. दोघींनी रॅक वाटून घेतले नाहीत. पाला थोरली घालायची, हिशेब आणि खिडक्या धाकटीच्या. थर्मामीटर धाकटीनं दाराशी टांगला आणि थोरली जाता-येता तो वाचायची. स्वतःच्या कातडीवर तिनं पुन्हा एकदम विश्वास टाकला नाही.

मग एक दिवस रॅकखाली सांडलेला पाला गोळा करताना ती रडायला लागली. काहीच झालं नव्हतं. अळ्या झोपेला बसल्या होत्या, शेड शांत होती, आणि तिच्या मनात साधंच आलं, आईला सांगायला हवं मी बरी झाले. हात पाल्यातच राहिले. धाकटीनं खिडकीकडं जाता जाता पाहिलं आणि उलटी वळून दार ओढून घेतलं.

आई गेली तेव्हा थोरली तिथं होती. सगळ्या घरानं टाहो फोडला होता आणि ती भिंतीला डोकं टेकून पेंगत होती. धाकट्या भावानं चारचौघांत म्हटलं होतं, "अक्काला घरी न्या. तिची झोप मोडतेय." त्यानंतर ना तो आला, ना ती गेली.

अळ्या झोपेतून उठायला अजून दीड दिवस होता. धाकटी म्हणाली, "मी आहे." सासूनं एका चिंधीत बारकी गोळी बांधून दिली आणि चहाबद्दल बजावलं. थोरली एकटीच बसनं गेली.

भाऊ सुतारकाम करायचा. अंगणात फळी रंधत होता. तिला बघून त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. रंधा चालत राहिला. "ये," तो म्हणाला. "बस."

ती लाकडाच्या ओंडक्यावर बसली. वहिनीनं पाणी आणून दिलं आणि आत गेली. थोरलीनं तयारी करून आणलेलं सगळं बोलून टाकलं: ग्रंथी, आकडा, गोळी, हातोडी मारल्यावर पाऊल कसं उशिरा परत येतं. भाऊ ऐकत होता की नाही कळेना. फळीवरून पातळ साली निघत होत्या, गुंडाळत होत्या, त्याच्या पायाशी साचत होत्या.

"दोन वर्षांनी सांगतेस," तो म्हणाला.

"दोन वर्षांनी कळलं."

"मी आईला सांगत होतो, अक्का आलीय, अक्का आलीय. ती तुझ्याकडं बघत होती."

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलं नाही. "मला रडायचं होतं रे," ती म्हणाली. "मला येत नव्हतं."

रंधा थांबला. भावानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं, ओल्या गालांकडं, सूज उतरलेल्या चेहऱ्याकडं, आणि बघतच राहिला. मग त्यानं रंधा आडवा ठेवला.

"मला सांग," थोरली म्हणाली.

"काय?"

"आई कशी गेली ते. मी तिथं होते, पण मला काहीच माहीत नाही. काय म्हणाली, काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं. सगळं सांग."

"सगळं?"

"दुपारची बस गेली तरी चालेल."

भावानं पँटवरचा भुसा झटकला. फळीच्या दुसऱ्या टोकावर तो टेकला. थोडा वेळ बोटानं लाकडाची रेघ चाचपत बसला.

"आदल्या दिवशी," तो म्हणाला, "तिनं केस धुऊन मागितले."